आर्लिसची काडतुसं

चांदमारीवर येणारी माणसं एरवी चांगली असतात. रविवारी चर्चला जातात, शेजाऱ्याची गाडी बर्फात रुतली तर दोरखंड घेऊन धावतात, उसनी नेलेली शिडी परत आणून देतात. पण पाच गोळ्यांतली एक बाजूला गेली की याच माणसांना धडधडीत खोटं बोलायला काही वाटत नाही. वारा उलटला. सकाळी कॉफी जास्त झाली. शेजारच्यानं नेमका तेव्हाच बार काढला. काडतूसच जरा गडबडलं. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. विलो कूलीच्या आमच्या क्लबच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे असते. लाल निशाण चढवायचं, टेबलांवरची धूळ झाडायची, लोक लक्ष्याचे कागद बदलायला पुढे जाणार असले की गोळीबार थांबवायची हाळी द्यायची, ही माझी कामं. त्यामुळे असली कारणं मला तोंडपाठ आहेत, आणि त्यांचा मला मनापासून कंटाळा आहे.

मेरिल सेदरच्या तोंडून मात्र मी कधी कारण ऐकलं नाही. गोळी भरकटली तर तो दुर्बिणीतून बघायचा, "हं" म्हणायचा आणि पुढचं काडतूस सरकवायचा. अर्थात त्याची गोळी भरकटायची क्वचितच. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी आमच्याकडे हॅमची, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांडीची, स्पर्धा असते. ज्याची पाच भोकं एकमेकांना सगळ्यात जवळ, त्याला अख्खी हॅम. ती हॅम वर्षानुवर्षं मेरिलच्याच घरी गेली. गेलन हॉव्डे दुसरा यायचा आणि दुसऱ्याला बेकनचं पाकीट मिळायचं. गेलन म्हणायचा, "मेरिल मेल्याशिवाय काही मला हॅम खायला मिळत नाही." मेरिलसुद्धा हसायचा.

मार्च महिन्यात मेरिल खरंच गेला. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये, हातात पाना असताना. त्यानंतर गेलन बरेच दिवस कुणाशी नीट बोलला नाही.

पण मी सांगतोय ते मेरिलबद्दल नाही, त्याच्या बायकोबद्दल, आर्लिसबद्दल. तिला मी शाळेपासून ओळखत होतो, म्हणजे ओळखतो असं समजत होतो. स्पर्धेच्या दिवशी ती चिलीचं, म्हणजे मांस-राजम्याच्या रश्श्याचं, पातेलं आणि दालचिनीचे रोल घेऊन यायची, क्लबच्या खोपटातल्या स्टोव्हपाशी उभी राहून वाढायची, आणि भांडी घासून निघून जायची. बंदूक हातात घेतलेलं तिला कुणी पाहिलं नव्हतं. मेरिल गेल्यावर आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे महिनाभर तिच्या दारात जेवणाच्या झाकलेल्या डिश येत राहिल्या. मग त्या थांबल्या, तिनं सगळ्यांच्या डिश धुऊन परत केल्या, आणि गावानं आपापली पेरणी सुरू केली.

मे महिन्यात आठवड्याच्या मधल्याच एका दिवशी तिचा पिकअप फाटकाशी आला. तिनं मेरिलची लांब नळीची बंदूक काढली, वाळूच्या पिशव्या टेबलावर मांडल्या आणि शंभर यार्डांवर कागद लावून आली. सगळं कसं बरोबर, जन्मभर हेच केल्यासारखं. मग तिनं पाच गोळ्या झाडल्या. मी दुर्बिणीतून पाहिलं. मूठभर गहू अंगणात फेकावेत तशी भोकं पडली होती. दोन तर कागदाच्या अगदी कडेला.

मला वाटलं, बिचारी नवऱ्याची उरलेली काडतुसं संपवतेय. हे मला बरं वाटलं नाही. आमच्यात एक म्हण आहे: दुसऱ्याची कवळी आणि दुसऱ्याचं काडतूस तोंडाजवळ आणू नये. घरी भरलेल्या काडतुसात आत किती दारू आहे ते बाहेरून कळत नाही. भरणाऱ्याला फोन आला, त्याचं लक्ष उडालं, त्यानं त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू ओतली, तर ज्याचा गाल बंदुकीला टेकलेला असतो त्याचा चेहरा जातो. म्हणून प्रत्येकानं आपलीच भरायची, आपलीच उडवायची. माणूस मेला की त्याची काडतुसं सख्खा भाऊसुद्धा वापरत नाही, उकलून टाकतो.

मी तिच्याकडे गेलो. "आर्लिस, मेरिलची राहिलेली असतील तर नको उडवू. मी उकलून देतो सगळी."

"मेरिलची कुठली?" ती म्हणाली. "माझी आहेत ही."

"तुझी म्हणजे?"

"मी भरलेली. मीच भरते."

"हो, पण कधीपासून?"

"लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यापासून," ती म्हणाली आणि नळी थंड झाली का ते हातानं बघू लागली.

मी तिच्या टेबलाच्या कडेवर टेकलो. ती सांगत होती ते असं. मेरिलची बोटं जाड, आणि धीर म्हणाल तर नावाला नाही. काडतुसाच्या बुडाला बसवायच्या, ठिणगी पाडणाऱ्या त्या मसुराएवढ्या टोप्या त्याच्या हातून सांडायच्या आणि तो शिव्या देत गुडघ्यांवर रांगायचा. आर्लिसचे हात शिवणकामाचे. एकदा तिनं म्हटलं, दे इकडे. तेव्हापासून तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारच्या टेबलावर, ती पुंगळ्या साफ करायची, त्यांची तोंडं कापून सारखी करायची, दारू तराजूत दाणा दाणा टाकून तोलायची आणि गोळी बसवायची. एका वेळी टेबलावर दारूचा एकच डबा, आणि काम चालू असताना फोन वाजला तर उचलायचा नाही, हे नियम तिचे तिनंच घातलेले. वर मेरिल टीव्हीवर फुटबॉल बघत असायचा.

"आणि हे कुणालाच माहीत नाही?" मी विचारलं.

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? बायको शर्टांना इस्त्री करते, म्हणून नवरा गावभर सांगत फिरतो का?"

"तुला तरी काही म्हणायचा की नाही?"

"म्हणायचा ना. चुकलं तर म्हणायचा. घरी येऊन टोपी खुंटीला लावता लावता सांगायचा, 'तिसरं जरा गडबडलं, आर्लिस.' मग मी परत खाली जायचे आणि सगळ्या पेटीची वजनं पुन्हा बघायचे."

 मला मेरिलचं ते "हं" आठवत होतं.

तिनं समोरच्या कागदाकडे बोट केलं. "आता हे बघ. तो होता तोवर कधी कळलंच नाही. माझी काडतुसं चांगली होती, का तो इतका चांगला होता की माझ्या गचाळ काडतुसांनीही जिंकायचा? लोक म्हणायचे, मेरिलचा हात देवानं दिलाय. मीही म्हणायचे. मला एवढंच बघायचंय, डुएन, की त्यातलं माझं काही होतं का."

मग पुढचे दोन महिने ती येत राहिली. दारू चिमूटभर कमी, चिमूटभर जास्त, गोळी किंचित आत, किंचित बाहेर. दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पाच गोळ्या झाडायच्या. भोकं तशीच विखुरलेली. कधीमधी दोन-तीन शेजारी पडायची आणि ती खुर्चीत पुढे सरकायची, मग चौथी कुठल्या कुठे. बाकीचे सभ्य लोक आहेत. कुणी हसलं नाही. पण ती आली की शेजारच्या टेबलावरचा माणूस हळूच आपली पिशवी उचलून लांबच्या टेबलावर जायचा, कारण काय चुकीचं भरलं गेलंय आणि कधी फुटेल याचा नेम नाही. तिला ते दिसत होतं. तिनं मग स्वतःच अगदी टोकाचं टेबल घ्यायला सुरुवात केली. अंड्याचं सँडविच खायची, वाऱ्याची दिशा दाखवणारी फीत बघत बसायची आणि घरी जायची.

दोष कुठे आहे ते मला तिच्या दुसऱ्याच खेपेला दिसलं होतं. बार निघायच्या आधी क्षणभर तिचे डोळे मिटायचे आणि खांदा पुढे यायचा. साठीत पहिल्यांदा बंदूक धरणारं कुणीही दचकणारच. पण नुकत्याच विधवा झालेल्या बाईला हे सांगायचं कुणी? जुलैपर्यंत मी गप्प बसलो. मग मला ते बघवेना.

"भरणं ठीक असेल तुझं. तू दचकतेस."

"मी नाही दचकत."

"प्रत्येक जण हेच म्हणतो. घरी एक फुसकं काडतूस कर. दारू नाही, टोपी नाही. बाकीच्यांत मिसळ आणि न बघता भर."

तिला हे शिकवायची गरजच नव्हती, मेरिल नवा असताना तिनंच त्याच्यासाठी अशी फुसकी करून दिली होती. दोन दिवसांनी ती आली. पहिला बार निघाला. दुसराही निघाला. तिसऱ्याला नुसता 'टक' असा आवाज आला, आणि त्या शांततेत, धक्का नसतानाही, बंदुकीची नळी चांगली बोटभर खाली झुकली. आम्ही दोघांनीही ते पाहिलं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"हो."

"मग तीन महिने मी जे बघत होते ते काडतुसांचं नव्हतंच."

"नव्हतं."

तिनं चष्मा काढून पुसला. "म्हणजे अजून काहीच कळलेलं नाही. दुसऱ्या कुणीतरी उडवायला हवीत."

आता आली का पंचाईत. नेम धरायला स्थिर माणूस हवा, आणि स्थिर माणूस तोच जो दुसऱ्याचं काडतूस कधी उडवत नाही. मी स्वतः तयार झालो असतो, पण मोतीबिंदू काढल्यापासून माझा नेम म्हणजे देवाची कृपा; त्यातून सिद्ध काहीच झालं नसतं. तिनं शनिवारी येणाऱ्या तिघा-चौघांना विचारलं. सगळे नम्रपणे नाही म्हणाले. एकानं तर टोपी काढून नाही म्हटलं. शेवटी ती गेलनकडे गेली. मी जवळच कागद लावायचे पुठ्ठे ठोकत होतो.

गेलननं आधी विश्वासच ठेवला नाही. "तू भरायचीस? अगं, मी त्याला एकदा खोदून खोदून विचारलं होतं, कसं करतोस रे बाबा. म्हणाला, हिवाळाभर खाली बसतो, एकेक दाणा मोजतो, तेव्हा जमतं."

"असं म्हणाला?"

"अगदी असंच. मी तर घरी जाऊन तराजू बदलला होता माझा."

आर्लिस थोडा वेळ हातातल्या पेटीचं झाकण उघडझाप करत राहिली. "असते एकेकाची बोलायची पद्धत," ती म्हणाली. "मग, उडवशील का पाच?"

"नाही गं. तुला माहितीये आपल्यात काय असतं ते." गेलन चांगला माणूस आहे, त्याचा आवाज खाली आला. "आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, आर्लिस. तो जिंकायचा, तू भरायचीस. छान होतं की. कशाला उघडून बघतेस आता?"

"कारण आता मूठ उघडायला मी एकटीच राहिलेय," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये ती एकदाही आली नाही. सगळ्यांची कापणी चालू होती, मैदान ओस होतं. एक दिवस दुकानात ती दिसली, एका माणसापुरतं सामान घेऊन. मी बरी आहेस का विचारलं, ती बरी आहे म्हणाली, आणि आम्ही दोघं टरबुजांकडे बघत उभे राहिलो.

कापणी संपल्यावर गेलन एका सकाळी माझ्याकडे आला. कारण नसताना कॉफी पीत बसला. मग म्हणाला, "तिला बोलाव."

"का रे? कवळीची म्हण विसरलास?"

"माझी कवळी माझ्या खिशात ठेवीन मी. झोप लागत नाहीये रे मला. वीस-बावीस वर्षं मी कुणाकडून हरलो ते तरी कळू दे."

ती तासाभरात आली. सोबत मेरिलची बंदूक आणि नेहमीची पेटी, नेहमीसारखीच भरलेली. गेलननं खरोखरच कवळी काढून खिशात घातली, मोठा चष्मा चढवला, मला आणि तिला खांबामागे उभं केलं आणि पहिला बार असा काढला की जणू सापाच्या बिळात हात घालतोय. काही झालं नाही. त्यानं पुंगळीचं बूड निरखून पाहिलं आणि मान हलवली. मग त्याचे खांदे खाली आले आणि तो खरा गेलन झाला. नळी थंड होऊ द्यायची, फीत बघायची, अर्धा श्वास सोडायचा, चाप दाबायचा. आर्लिस लक्ष्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खांद्याकडे बघत होती.

पाच झाल्यावर गेलन दुर्बिणीला डोळा लावून खूप वेळ तसाच राहिला. "डुएन," तो बोळक्या तोंडानं म्हणाला, "कागद घेऊन ये."

मी जाऊन आणला. पाच भोकं नव्हतीच. एकच होतं, जरा फाटक्या कडांचं. त्यावर सगळ्यात लहान नाणं ठेवलं असतं तर झाकलं गेलं असतं. गेलनच्या उभ्या आयुष्यातला तो सगळ्यात लहान पुंजका होता, आणि तोही परक्या बंदुकीतून.

गेलन हसायला लागला. लहान पोरासारखा टेबलावर थापा मारत हसत होता. "म्हणजे मी मेरिलकडून हरत नव्हतोच. ऐकलंस का, डुएन? मी हिच्याकडून हरत होतो. आर्लिस, त्या सगळ्या हॅम तुझ्या होत्या. मी घरी जाऊन बायकोला सांगणार आहे. सगळ्यांना सांगणार आहे."

मलाही फार आनंद झाला. मी तिच्या पाठीवर थाप मारली. ती कागद दोन्ही हातांत धरून उभी होती.

"यातलं गडबडलेलं कुठलं?" तिनं विचारलं.

"एकही नाही," गेलन म्हणाला.

"मी मुद्दाम काही वेगळं नाही केलं. दर वेळी भरायचे तशीच आहेत."

"तेच तर. असली काडतुसं हातात असली की उडवणाऱ्याला आठवड्याभरात कळतं. गोळी बाहेर गेली तर ती आपणच घालवली. दुसऱ्या कशाला दोष द्यायला जागाच उरत नाही. मेरिल काही मूर्ख नव्हता, त्याला चांगलंच माहीत असणार."

ते जिव्हारी लागणारं वाक्य त्यानं कौतुक म्हणून म्हटलं होतं. घरी मेरिल काय म्हणायचा हे त्याला बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं. मी त्याला डोळ्यांनी खुणावेपर्यंत त्याचं बोलून झालं होतं.

"हो," आर्लिस म्हणाली. "त्याला माहीत असणार."

तिनं गेलनचे नीट आभार मानले. गेलन अजून उत्साहातच होता, तो म्हणाला, "यंदा माझ्यासाठी भरशील? हॅम अर्धी-अर्धी."

"आणि चुकलास तर काय म्हणशील?"

"म्हणेन की मी चुकलो."

"इथे, सगळ्यांसमोर म्हणशील," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग तिनं बंदूक कापडात गुंडाळली आणि पिकअपकडे गेली.

गाडी सुरू झाल्याचा आवाज येईना. गेलनला मी तिथेच बसवलं आणि गेलो. ती स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती, कागद शेजारच्या सीटवर होता. मी दार उघडून तो कागद उचलला आणि तिथे बसलो. समोर कापलेल्या गव्हाची धसकटं होती आणि वाऱ्यानं धूळ उडत होती.

"मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, डुएन."

"नाही येत."

"तो म्हणायचा गडबडलं, आणि मी खाली जायचे. रात्री जेवण झाल्यावर. सगळी पेटी पुन्हा तोलायचे आणि मला सापडायचं काहीच नाही. मला वाटायचं माझीच नजर कमी पडतेय. पण मला वाईट नाही वाटायचं त्याचं, खरं सांगते. वरती त्याच्या टीव्हीचा आवाज यायचा. मला वाटायचं, तो वर आहे, मी खाली आहे, पण आम्ही दोघं मिळून एक काम करतोय. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं."

 मेरिल माझा मित्र होता. त्या क्षणी मला त्याचा असा संताप आला की कबरीवर जाऊन दोन शब्द सुनावावेत असं वाटलं.

"चर्चमध्ये बायका विचारतात," आर्लिस म्हणाली, "मेरिल गेल्यापासून फार एकटं वाटत असेल ना. मी हो म्हणते. आता त्यांना काय सांगू, कधीपासून?"

मी उतरलो. तिनं गाडी सुरू केली आणि मी जाऊन फाटक उघडून दिलं.